मी बारीक केलेला चेहरा

फोनवरचा आवाज जाड होता, म्हणून मी म्हटलं, "बोला साहेब."

पलीकडून उत्तर आलं, "साहेब नाही. मी बोलतेय, वाघोडियाहून. क्वालिटीची."

मी चांगलाच ओशाळलो. या बाईंना मी आठ-नऊ वर्षं ओळखत होतो. "सर्दी झालीय का ताई?" असं काहीतरी सारवासारव करत विचारलं.

"नाही. सगळे हेच विचारतात हल्ली. माझ्या फोटोबद्दल बोलायचंय. तुम्ही पाठवलाय तो माझा फोटो नाही."

असं म्हणणारी माणसं मला नवी नाहीत. बडोद्यात पंचवीस वर्षं मी माणसांचे चेहरे काढतोय. कंपन्यांचे अधिकारी, निवृत्त होणारे प्राध्यापक, डॉक्टर, क्वचित एखादा नवरदेव. स्वतःचा फोटो बघून पहिल्या दमात खूश झालेला माणूस मला फारसा भेटलेला नाही. मी ठरलेलं उत्तर दिलं, "ताई, प्रिंट बघाल तेव्हा आवडेल."

"आवडायचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "नाक माझं नाही. हनुवटी माझी नाही. तुमची लेन्स तपासा."

याचा मला राग आला. माझ्या लेन्सबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना आहे, पंपांचे सुटे भाग बनवणारा. तिथे तयार मालाची तपासणी ज्या विभागात होते, त्याच्या त्या प्रमुख. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, शिडशिडीत अंगाच्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. कारखाना दर वर्षी एक पुस्तिका काढतो, त्यात सगळ्या विभागप्रमुखांचे फोटो असतात, आणि ते काढायचं काम माझ्याकडे. सगळ्या प्रमुखांत त्या एकट्याच बाई आणि एकट्याच मराठी. त्यांचा नंबर लागला की आम्ही दोघं मराठीत सुरू व्हायचो आणि बाहेर थांबलेल्यांपैकी कुणीतरी हसून म्हणायचं, "लो, चालु थई गयुं मराठी."

माझी एक सवय आहे, आणि पुढे जे झालं ते त्या सवयीमुळेच कळलं. मी कॉन्फरन्स रूममध्ये दर वर्षी तीच मांडणी करतो. मागे करडा पडदा, डावीकडून एकच मोठा दिवा, तोच लोखंडी स्टूल, आणि माझ्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण. लेन्स ८५ मिलिमीटरची. आजोबा संस्थानच्या फौजेत होते, वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. आमच्या घरात वस्तू जागच्या हलवलेल्या चालत नाहीत, ती खोड असावी. कोरोनाची दोन वर्षं फोटो झाले नाहीत. त्या आधीचे तीन आणि नंतरचे चार, असे त्या बाईंचे सात फोटो मी अगदी एकाच अंतरावरून काढले होते.

या वर्षी एवढाच फरक होता की कारखान्यात आलेल्या नव्या अधिकाऱ्याने मला बजावलं होतं, "एकदम नॅचरल जोइए, साहेब. टचिंग बिलकुल नहीं." म्हणून मी कुणाच्याच फोटोला संगणकावर हात लावला नव्हता. जसे निघाले तसे पाठवून दिले.

दोन दिवसांनी मी पुन्हा वाघोडियाला गेलो, फक्त त्यांच्यासाठी. दिवा लावला, पडदा टांगला. त्या आल्या आणि दार लावून घेतलं.

"लेन्स जवळ आणली की नाक मोठं येतं ना?"

"येतं. पण मी जवळ नव्हतो. ही बघा खूण."

त्यांनी खरोखर वाकून ती चिकटपट्टी बघितली. तपासणीचा माणूस. मग मीच म्हटलं, "थांबा, लांबची लेन्स लावतो. भिंतीला पाठ टेकून काढतो. त्यात नाक मोठं यायची शक्यताच नाही."

स्टूलवर बसताना त्यांनी हात ओढणीखाली घेतले. मी म्हटलं, "हात मांडीवर येऊ द्या, बसणं सैल दिसतं."

"हात नकोत," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात लहरीपुऱ्यातल्या सोनाराकडून अंगठी कापून घेतली. लग्नातली. साबण लावला, तेल लावलं, निघेचना."

"वजन वाढलं असेल."

"काटा तर तोच आकडा दाखवतो. बोटंच जाड झालीत. चपलासुद्धा आता पुरुषांच्या घेते." आणि हसल्या. "वय झालं हो. या वयात बायकांचं काय काय होतं."

मीही हसलो. हे सगळं माझ्यासमोर बोललं जात होतं आणि मी मान डोलवत दिव्याचा कोन ठरवत होतो.

पाच-सहा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. त्यांनी गळ्यातला चष्मा लावला, कॅमेरा माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. एकदा स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे लेन्स नाही."

"नाही ताई."

"मग मीच." कॅमेरा परत दिला. "पाठवून द्या हाच."

ज्या शांतपणे त्या "मीच" म्हणाल्या, ते मला लागलं. एखादा सुटा भाग नापास झाल्यावर त्या असंच बोलत असतील. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. एवढ्या वर्षांत ही बाई कधी कुरकुरली नव्हती. दर वर्षी पुस्तिका आली की "छान काढलात" असा निरोप यायचा. मग या वर्षीच काय बिघडलं?

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी जेवणाआधी मी जुनी हार्ड डिस्क जोडली. मागच्या वर्षीचा, पुस्तिकेत छापलेला फोटो काढला आणि या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवला.

मी खुर्चीत मागे सरकलो. या दोन वेगळ्या बायका होत्या. मोठी बहीण आणि धाकटी बहीण म्हणा फार तर. एका वर्षात नाक एवढं रुंद होत नाही, जबडा एवढा पुढे येत नाही. असं होऊच शकत नाही, हे मला कळत होतं. मग कुठेतरी माझीच चूक असणार म्हणून मी मागच्या वर्षीची मूळ फाइल उघडली, कॅमेऱ्यातून आलेली, हात न लावलेली.

त्या फाइलमधली बाई या वर्षीच्या बाईसारखीच होती. थोडी कमी, पण तीच.

मला समजायला एक मिनिट लागलं असेल.

कोरोनानंतर पहिल्यांदा कारखाना भरला तेव्हा सगळेच घरात बसून सुटलेले होते. मी सगळ्यांचेच चेहरे थोडे थोडे आत घेतले होते. संगणकावर त्याला काही लागत नाही, माउसने गाल आत ढकलायचा. या बाईंच्या जबड्याला जरा जास्त ढकलावं लागलं, पुढच्या दातांतली फट बुजवावी लागली. पुढच्या वर्षी मी आदल्या वर्षीचा तयार फोटो शेजारी ठेवला आणि नवा त्याच्याशी जुळवला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तीन वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं. माणूस दर वर्षी तसाच दिसावा, खूश व्हावा, एवढंच डोक्यात. आणि माउस फिरवताना बहुतेक वेळा रेडिओ ऐकत असायचो मी.

सातही मूळ फाइली मी ओळीने लावल्या. सगळ्यांत डोळे एका जागी आणले आणि की-बोर्डवरचं बाणाचं बटण दाबत गेलो. एक, दोन, तीन. चेहरा वाढत होता. भुवयांवरचं हाड पुढे येत होतं, ओठ जाडावत होते, हनुवटी खाली आणि पुढे सरकत होती. मी उलटा गेलो, सात ते एक, आणि बाई परत स्वतःच्या झाल्या.

वय असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग त्याच कारखान्यातल्या बाकीच्यांच्या फाइली तशाच लावल्या. केस गेले होते, गाल ओघळले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. हाडं मात्र कुणाचीच वाढली नव्हती.

मी बायकोला हाक मारली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, शनिवारी लवकर घरी येते. ती हात पुसत आली. मी काही न सांगता बाणाचं बटण दाबत गेलो.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली.

पुन्हा दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला. "अरे, या बाईंना काहीतरी झालंय. आजार आहे हा कसला तरी." मग मी छापलेले फोटो दाखवले आणि काय केलं होतं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "हे तू केलंस?"

"सगळेच करतात."

"सगळ्यांचं नको सांगू. त्यांना जाऊन सांग. आज."

आज जमलं नाही मला. काय सांगणार होतो? एका बाईला जाऊन तुमचा चेहरा वाढलाय म्हणायचं? आणि हे तीन वर्षं मला दिसत होतं, नव्हे, मी ते हाताने पुसत होतो, हे कसं सांगायचं? चार दिवस असेच काढले. रोज संध्याकाळी बायको विचारायची आणि मी उद्या म्हणायचो. पाचव्या दिवशी तिने माझा फोन माझ्या हातात आणून दिला आणि समोर उभी राहिली.

बाईंनी रविवारी सकाळी घरी बोलावलं.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हसतमुख माणूस, सरकारी कचेरीतून नुकते निवृत्त झालेले, हातात गुजराती पेपर. "या या, बसा. हिच्या फोटोने फारच पळवलं तुम्हाला," म्हणाले. चहा आला. मी चहा तसाच ठेवून जेवणाच्या टेबलावर सात प्रिंट ओळीने मांडले. एक प्रिंट खाली पडला, तो यजमानांनीच उचलून दिला.

"ताई, हे सगळे एकाच अंतरावरून काढलेले आहेत," एवढंच मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. डावीकडून उजवीकडे गेल्या. परत डावीकडे आल्या. मग आत जाऊन स्टीलची पट्टी घेऊन आल्या आणि एकेका फोटोवर ठेवत मोजायला लागल्या.

"दोन डोळ्यांतलं अंतर सगळ्यांत तेवढंच आहे," त्या म्हणाल्या. "हनुवटी नाही. नाक नाही." पट्टी खाली ठेवली. "अहो, इकडे या."

यजमान आले, वाकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जसंच्या तसं राहिलं होतं, त्याचा आता कशाशी संबंध नव्हता. "पण मी तर हिला रोज बघतो," ते म्हणाले. "रोज बघतो मी." मग खुर्चीत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोरते म्हणून मी हॉलमध्ये झोपायला लागलो. चेष्टा करायचो तिची. आवाजाची पण."

बाई मात्र विचार करत होत्या. "पण मागच्या वर्षीचा फोटो असा नव्हता. माझ्याकडे पुस्तिका आहे."

हेच मी सांगायला आलो होतो. सांगितलं. जबडा आत घेतला, दातांतली फट बुजवली, नाक बारीक केलं. तीन वर्षं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"छान दिसावं म्हणून."

त्या उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता. "मला आरशात काहीतरी वेगळं वाटायचं. दोन वर्षं वाटतंय. मग पुस्तिका आली की मी तो फोटो उघडून बघायचे आणि स्वतःला सांगायचे, बघ, तशीच तर आहेस. मनाचे खेळ आहेत सगळे. डॉक्टरकडे जायला निघाले होते मी एकदा. तुमचा फोटो बघून गेले नाही."

मला त्या जागी काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माफ करा, असं मी म्हटलं बहुतेक. यजमान मला दारापर्यंत सोडायला आले आणि सवयीने "आवजो" म्हणाले. प्रिंट मी तिथेच ठेवले होते.

पुढचं मला त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळलं. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइडची गोष्ट काढली. बाईंनी सात प्रिंट त्यांच्या टेबलावर मांडले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिथे गाठ होती. त्या गाठीमुळे अंगात वाढीचं संप्रेरक भलतंच जास्त तयार होत होतं. मोठ्या माणसाची उंची त्याने वाढत नाही, पण जबडा वाढतो, हात वाढतात, पाय वाढतात, जीभसुद्धा. आत हृदयही जाड होत जातं. हे इतकं हळू होतं की घरच्यांना पत्ता लागत नाही.

अहमदाबादला ऑपरेशन झालं, नाकातून. मी भेटायला गेलो नाही, धीर झाला नाही. बायको गेली. तिच्याजवळ बाई म्हणाल्या, "सगळी गाठ निघाली नाही. थोडी रक्तवाहिनीला चिकटलीय. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं." आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर गाठ लहान असती. हे त्यांना सांगा. मुद्दाम सांगा."

बायकोने घरी येऊन सांगितलं. मी जेवत होतो. हातातला घास ठेवला आणि उठलो.

त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. गेल्या काही वर्षांत ज्यांचे चेहरे मी सुधारले होते, त्या सगळ्यांच्या मूळ फाइली उघडत बसलो. एका इंजिनीअरच्या गालावरचा काळा तीळ मी दर खेपेला पुसत होतो. मी घाबरून त्याला फोन लावला, तीळ वाढतोय का म्हणून विचारलं. तो खो खो हसला. "अरे साहेब, जन्मथी छे! बायडीला तोच आवडतो." मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर पाणी प्यावं लागलं. दुसऱ्या एका बाईंच्या मानेवरची सूज मला खरीच वाटली, त्यांनाही कळवलं. त्यांनी तपासून घेतलं, काही निघालं नाही, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यांचं काय चुकलं?

आता मी चेहऱ्याला हात लावत नाही. लोकांना चालत नाही. "थोडं पातळं करी आपो ने," चेहरा जरा बारीक करून द्या, असं हसून सांगतात, मी नाही म्हणतो, ते दुसऱ्याकडे जातात. वाघोडियाच्या कारखान्यातही लोकांनी असे फोटो नकोत म्हणून कुरकुर केली, त्याच्या पुढच्या वर्षापासून तिथे दुसरा फोटोग्राफर येतो.

बाई मात्र माझ्याकडे येतात, घरी. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की दर सहा महिन्यांनी एक फोटो काढून ठेवा, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. समोरून एक, बाजूने एक, आणि दोन्ही हातांचे. माझ्या बैठकीच्या खोलीत मी पडदा टांगतो. यजमान स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून माझ्या बायकोशी गप्पा मारतात. ऑपरेशननंतर बोटांची सूज उतरली, ओठ बारीक झाले, आवाज थोडा मोकळा झाला. हाड वाढलं तेवढं वाढलं, ते परत कमी होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. जबडा आहे तसाच आहे. पहिल्या खेपेला मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा मला समोरचं धूसर दिसत होतं, लेन्स स्वच्छ होती.

मागच्या महिन्यात आल्या होत्या. फोटो झाले. बायकोने चहा आणला. बाईंनी कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी विचारायचं असतं दर वेळी. विचारून टाका."

मी म्हटलं, "अजून राग आहे का?"

"आहे," त्या म्हणाल्या. चहा प्यायल्या, कप ठेवला, ओढणी सारखी केली. मग यजमानांना हाक मारली, "अहो, निघू या. आणि यांची पुढची तारीख लिहून घ्या."